फोन अडला, तरी धंदा अडू नये

कसबा बावड्यातील लाईन बाजारात दुकान चालवणाऱ्यास मोबाईल हे आता केवळ बोलण्याचे साधन राहिलेले नाही. शिलाईची मापे, चपलांच्या नमुन्यांचे फोटो, मालाच्या ऑर्डरी, उधारीच्या नोंदी असे सारे त्यातच असते. २०१६ साली यूपीआय सुरू झाल्यापासून गल्ल्याचा हिशेबही त्यातच आला. त्यामुळे ऐन गर्दीत फोन हँग झाला की दुकानदार गोंधळून जातो. मात्र घाईत केलेली चूक मूळ बिघाडापेक्षा महाग पडते, हे आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंनी लक्षात ठेवावे.

प्रथम काय करावे?

स्क्रीनवर जोरजोराने बोटे मारू नयेत. एक-दोन मिनिटे थांबावे. चार्जर लावून पाहावा, कारण बॅटरी पूर्ण उतरली असली तरी फोन बंद पडल्यासारखा दिसतो. तरीही हालचाल नसेल तर फोन सक्तीने रिस्टार्ट करावा. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये पॉवरचे आणि आवाज कमी करण्याचे बटण एकत्र दाबून १० ते २० सेकंद धरावे लागते. काहींत नुसते पॉवरचे बटण ३० सेकंद धरले की पुरते. आयफोन ८ व त्यानंतरच्या फोनमध्ये आवाज वाढवण्याचे बटण दाबून सोडावे, मग कमी करण्याचे दाबून सोडावे आणि सफरचंदाचे चिन्ह येईपर्यंत बाजूचे बटण धरावे. याने फोटो किंवा नोंदी पुसल्या जात नाहीत. मात्र स्क्रीनवर ‘वाइप डेटा’ असा पर्याय आला तर त्याला हात लावू नये. ‘रीबूट’ निवडावे.

गिऱ्हाईकाच्या पैशाचे काय?

पैसे फोनमध्ये नव्हे, बँकेच्या खात्यात जमा होतात. फोन फक्त त्याची खबर देतो. भिंतीवरचा क्यूआर कोड फोन बंद असतानाही चालतो. म्हणून गिऱ्हाईकास पुन्हा पैसे भरायला लावू नये. त्याच्या फोनवरील व्यवहार क्रमांक लिहून घ्यावा व नंतर खाते तपासावे. त्याच्या खात्यातून रक्कम कापली गेली, पण दुकानात पोचल्याची खात्री झाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार ती ५ दिवसांत परत मिळाली पाहिजे. पुढे उशीर झाल्यास बँकेने दररोज १०० रुपये भरपाई द्यायची असते.

पुन्हा पुन्हा हँग होत असेल तर

सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे भरलेली जागा. व्हॉट्सॲपवर आलेले व्हिडिओ आधी काढावेत. नवे ॲप घेतल्यापासून त्रास सुरू झाला असेल तर फोन सेफ मोडमध्ये चालवून पाहावा. तेथे नीट चालला, तर दोष त्या ॲपचा समजावा. फोन इस्त्रीजवळ किंवा उन्हात ठेवू नये. २०१९ व २०२१ चे पंचगंगेचे महापूर पाहिलेल्या बावडेकरांना ओलाव्याबद्दल सांगायला नकोच. भिजलेला फोन चार्जिंगला लावू नये, तांदळातही पुरू नये. बंद करून, पुसून मोकळ्या हवेत वाळवावा. बॅटरी फुगलेली दिसली तर वापर तत्काळ थांबवावा.

रिसेट सर्वांत शेवटी

फॅक्टरी रिसेट केल्यास फोनमधील सर्व माहिती जाते. दुरुस्तीस देताना ‘मला विचारल्याशिवाय रिसेट करू नका’ असे स्पष्ट सांगावे. शक्य असल्यास आधी माहितीची प्रत काढावी व सिमकार्ड स्वतःकडे ठेवावे. गूगल खात्याचा पासवर्डही माहीत असावा. रिसेटनंतर तो मागितला जातो.

फोन नवा घेता येतो. गेलेली उधारीची यादी मात्र कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही. म्हणून दुकान बंद करताना दिवसाची उधारी कागदी वहीत उतरवण्याची जुनी सवय सोडू नये.