सुयांना हक्काची जागा

आपल्या घरात प्रत्येक वस्तूला जागा असते. मीठ-मिरचीला डबे असतात, मुलांच्या पुस्तकांना फळी असते. गवंडी थापी आणि ओळंबा पिशवीत घालून कामावर नेतो, सुतार रंधा आणि पटाशी पेटीत ठेवतो. पण घरातली बाई ज्या क्रोशाच्या सुईने तोरण, रुमाल, बाळाचे टोपडे विणते, ती सुई कुठे असते? कधी उशाखाली, कधी टीव्हीच्या मागे, कधी अंबाड्यात खोचलेली. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसे राहतात, तिथे बाईच्या कामाला कोपरा कुठून यायचा, असे म्हणून आपण गप्प बसतो.

आमच्या वस्तीत एक ताई आहेत. व्यापाऱ्याकडून दोरा आणायचा, रुमाल विणून द्यायचे आणि नगावर मजुरी घ्यायची, असे त्यांचे काम. एका रात्री त्यांची सव्वा मिलिमीटरची पोलादी सुई हरवली. अंथरुणे झटकली, भांडी सरकवली, सापडली नाही. त्या मापाची दुसरी सुई मिळेपर्यंत दोन दिवस गेले. माल उशिरा पोचला म्हणून व्यापाऱ्याने मजुरी कापली. हरवलेली सुई सापडली ती त्यांच्या धाकट्या मुलाच्या तळपायात. क्रोशाच्या सुईच्या टोकाला आकडा असतो, ती सरळ ओढून निघत नाही. डॉक्टरांकडे न्यावे लागले. तिथून परत येताना ताई म्हणाल्या, “माझा पसारा माझ्याच लेकराला रुतला.”

ते वाक्य आमच्या मनातून जाईना. सुताराच्या रंध्याला कुणी पसारा म्हणत नाही. मग बाईच्या हत्याराला पसारा म्हणायची सवय आपल्याला कुणी लावली? पुढच्या रविवारी आम्ही चार-पाच जणी एकत्र बसलो आणि क्रोशानेच क्रोशाच्या सुयांसाठी कप्प्यांची गुंडाळी विणायला घेतली. तीच कृती येथे देत आहोत. साखळी आणि मुका खांब एवढे येत असले तरी पुरे.

साहित्य

मध्यम जाडीच्या लोकरीचा १०० ग्रॅमचा गोळा, ४ मिलिमीटरची सुई, बोथट टोकाची लोकरीची सुई, एक सेफ्टी पिन आणि अस्तरासाठी जुन्या सुती साडीचा तुकडा. लोकर गडद रंगाची घ्यावी, हाताळून मळली तरी दिसत नाही.

कृती

प्रथम ४१ साखळ्या घाला. सुईपासून दुसऱ्या साखळीत पहिला मुका खांब घ्या आणि ओळ पूर्ण करा. ४० खांब झाले पाहिजेत. मग एक साखळी घालून काम उलटवा आणि पुन्हा ४० मुके खांब. अशा एकूण ६४ ओळी करा. हात फार सैल वा घट्ट नसेल तर सुमारे २५ सेंटिमीटर रुंद आणि ३४ सेंटिमीटर लांब पट्टी तयार होते.

नव्या हाताची चूक एकच होते. ओळीच्या शेवटचा खांब सुटतो आणि पट्टी हळूहळू निमुळती होत जाते. आमच्यातल्या एकीचे ४० खांबांचे ३४ झाले तेव्हा कुठे लक्षात आले आणि बारा ओळी उसवाव्या लागल्या. म्हणून दर चार ओळींनी खांब मोजा. ओळीच्या पहिल्या खांबात सेफ्टी पिन अडकवून ठेवली तर कड चुकत नाही.

आता अस्तर. क्रोशाच्या विणीतून बारीक पोलादी सुया आरपार निघतात, म्हणून अस्तर टाळू नका. कापड आधी धुऊन वाळवून घ्या, नाहीतर नंतर आटते आणि गुंडाळी आखडते. २७ बाय ३६ सेंटिमीटरचा तुकडा कापून चारी बाजूंनी एक-एक सेंटिमीटर दुमडा आणि पट्टीच्या आतल्या अंगाला हातशिलाईने लावा.

मग खालच्या २० ओळी वर दुमडा. हा झाला खिसा, सुमारे ११ सेंटिमीटर खोल. दोन्ही बाजू शिवून घ्या. खिशावर उभे धावदोरे घालून कप्पे पाडा. डावीकडून चार-चार खांबांचे चार कप्पे बारीक सुयांना, सहा-सहा खांबांचे दोन कप्पे जाड सुयांना आणि उरलेला बारा खांबांचा मोठा कप्पा कात्री, टेप आणि लोकरीच्या सुईला. सुया आकड्याची बाजू वर करून ठेवाव्यात. आकडा खाली गेला तर अस्तरात अडकतो, आणि वर असला तर कोणती सुई हवी ते चटकन ओळखू येते. कात्रीच्या टोकाला मात्र कापडाची टोपी शिवा.

वरच्या १२ ओळी झाकणासारख्या खाली येतात. त्यामुळे गुंडाळी उलटी धरली तरी सुया गळत नाहीत. शेवटी ८० साखळ्यांची दोरी विणून ती मधोमध दुमडा आणि एका बाजूच्या कडेला शिवा. दुसऱ्या बाजूकडून गुंडाळत आणून दोरी बांधली की काम झाले. टांगायला मागे एक फासा लावून ठेवा. खिळ्यावर उंच टांगलेली गुंडाळी लेकरांच्या पायात येत नाही.

थोडा हिशेब

आमचा जन्म कारकुनीत गेला, त्यामुळे हिशेब केल्याशिवाय चैन पडत नाही. ४० खांब गुणिले ६४ ओळी म्हणजे २५६० टाके. आमच्या हाताला मिनिटाला दहा-बारा टाके पडतात, म्हणजे नुसत्या विणकामाला चार तास लागले. अस्तर आणि शिवण धरून पाच-सहा तास. वस्तू हातात घेणाऱ्याला हे तास दिसत नाहीत. त्याला लोकरीची किंमत तेवढी दिसते.

ही गोष्ट एका गावची नाही. आंध्र प्रदेशात गोदावरीच्या काठी नरसापूर येथे क्रोशाची लेस विणली जाते. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी ही कला तिथे आणली आणि सुरुवातीला ती शिकल्या त्या माला-मादिगा समाजातून ख्रिस्ती झालेल्या गरीब स्त्रिया. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी या कारागिरांचा अभ्यास करून १९८२ साली पुस्तक लिहिले. घरकाम सांभाळून या स्त्रिया दिवसाला सहा ते आठ तास लेस विणत, माल परदेशी जाई, व्यापारी मोठे होत. पण विणणारीची ओळख मात्र ‘गृहिणी’ एवढीच राहिली. ती रिकाम्या वेळात काहीतरी करते, असेच धरले जाई. २०२४ साली नरसापूरच्या लेसला भौगोलिक मानांकन मिळाले. लेसला नाव मिळाले, आनंद आहे. विणणाऱ्या हातांनाही ते मिळायला हवे.

म्हणून आमची एक सूचना आहे. गुंडाळीच्या मोठ्या कप्प्यात एक छोटी वही आणि पेन्सिल ठेवा. तारीख, किती ग्रॅम दोरा आणला, किती नग दिले, त्यांचे वजन किती भरले, दर काय ठरला आणि हातात पैसे किती आले, एवढेच लिहा. लिहिता येत नसेल तर मुलीकडून लिहून घ्या. केंद्र सरकारने २०२१ साली असंघटित कामगारांसाठी ई-श्रम नोंदणी सुरू केली. तीत घरबसल्या मजुरी करणाऱ्या स्त्रियांनाही नाव नोंदवता येते. तिथे व्यवसाय विचारतील तेव्हा ‘काही नाही’ असे सांगू नका. विणकाम करते, असे सांगा.

आमच्या त्या ताईंची गुंडाळी आता त्यांच्या यजमानांच्या हत्यारांच्या पिशवीशेजारच्या खिळ्यावर टांगलेली आहे. मध्यंतरी व्यापाऱ्याने दोरा कमी भरला म्हणून पुन्हा पैसे कापले. ताईंनी वही काढून समोर धरली. कापलेले सगळे पैसे मिळाले नाहीत, निम्मेच मिळाले. पण पुढच्या खेपेपासून तो दोरा त्यांच्यासमोर तोलून देतो. परवा त्यांचा धाकटा शाळेतून आला आणि गुंडाळीकडे बोट दाखवून आपल्या मित्राला म्हणाला, “हात लावू नको, ती आईची हत्यारं आहेत.”