विश्लेषण : किडनी काढली, मग मूत्राशयात दुर्बीण कशाला?

लघवी लाल दिसली की ढाणकी-उमरखेडकडे पहिला अंदाज ठरलेला असतो. उन्हाळी लागली, नाहीतर खडा. अनेकदा तो खराही निघतो. मात्र ना जळजळ, ना कळ, तरी रक्त गेले आणि दोन दिवसांत आपोआप थांबले, तर निश्चिंत होऊ नये. मूत्रमार्गाच्या कर्करोगाची सुरुवात अनेकदा अशीच होते.

हा कर्करोग कुठला?

किडनीपासून मूत्राशयापर्यंत आतून एकच अस्तर असते. त्याचा कर्करोग बहुधा मूत्राशयात होतो. किडनीचा लघवी साठणारा भाग किंवा मूत्रवाहिनी यांत तो जेमतेम ५ ते १० टक्के रुग्णांना होतो. धूम्रपान हे मोठे कारण.

शस्त्रक्रियेत काय काढतात?

त्या बाजूची किडनी, पूर्ण मूत्रवाहिनी आणि ती मूत्राशयाला जोडलेली असते तिथला छोटा तुकडा. नळीचे टोक मागे राहिले, तर तिथेच गाठ पुन्हा वाढू शकते. गाठ लहान आणि कमी आक्रमक असेल, तर दुर्बिणीतून लेझरने ती जाळून किडनी वाचवता येते.

पुन्हा होतो का?

इथेच गफलत होते. किडनी गेली म्हणजे रोग गेला, असे घरच्यांना वाटते. पण अस्तर तेच असल्याने शस्त्रक्रियेनंतर २२ ते ४७ टक्के रुग्णांच्या मूत्राशयात गाठ उगवते, बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांत. शस्त्रक्रियेनंतर मूत्राशयात केमोच्या औषधाचा एक डोस सोडल्यास हा धोका कमी होतो. तरीही जोखीम जास्त असलेल्यांना दोन वर्षे दर तीन महिन्यांनी दुर्बीण तपासणी लागते. पुढे पाचव्या वर्षापर्यंत सहामाही, मग वर्षाला एकदा. म्हणजे पहिल्या दोन वर्षांतच नांदेड किंवा यवतमाळच्या आठ फेऱ्या, मग सोयाबीनची काढणी असो की कापसाची वेचणी. मूत्राशयातली गाठ लवकर सापडली, तर बहुधा दुर्बिणीतूनच काढता येते.

आयुष्य किती?

गाठ अस्तरापुरती असेल तर बहुतेक रुग्ण पाच वर्षांपुढे जगतात. शेजारच्या अवयवांत शिरली असेल तर आशा बरीच कमी होते. खोलवर गेलेल्या गाठींसाठी शस्त्रक्रियेनंतर ९० दिवसांच्या आत केमो सुरू केल्याचा फायदा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत दिसला. तीन वर्षांनी रोगमुक्त असलेल्यांचे प्रमाण ४६ वरून ७१ टक्क्यांवर गेले.

खर्चाचे काय?

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार आहेत. दाखल होण्याआधीच रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटावे. उरलेल्या एका किडनीसाठी क्रिएटिनिन तपासत राहावे लागते आणि गुडघेदुखीची गोळीसुद्धा डॉक्टरांना विचारूनच घ्यावी लागते.