तसबिरी पुढे का झुकायच्या?

छताच्या कोव्हमध्ये, म्हणजे खाचेत, दडवायच्या दिव्यांच्या पट्टीबद्दल आज लिहायचं ठरलं होतं, ते पुढच्या आठवड्यात. सांगलीच्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आणि त्यातल्या प्रश्नाने मला चार दिवस सोडलं नाही.

त्यांच्या हॉलमध्ये आजेसासूबाईंच्या वेळची, रविवर्म्याच्या छापखान्यातली लक्ष्मी आहे. काचेची तसबीर. या सदराचे मागचे भाग वाचून त्यांनी वायरमनकडून तिच्यावर स्पॉटलाइट बसवून घेतला. बल्ब ३००० केल्विनचा, साडीचा लाल रंग खुलवणारा. तरीही सोफ्यावर बसलं की लक्ष्मीच्या अंगावर आडवा पांढरा पट्टा दिसतो. ताई विचारतात, दिवा कुठे सरकवू?

ताई, दिव्याचा दोष नाही. तुम्ही पाठवलेली मापं मी कागदावर मांडली. छत ९ फूट, चित्राचा मध्य ५ फुटांवर, दिवा भिंतीपासून २ फूट ४ इंच. म्हणजे झोत उभ्या रेषेशी ३० अंशांत येतो आणि काचेवरून परतून भिंतीपासून सुमारे ३ फुटांवर जमिनीला टेकतो. वाटेत कुणाचे डोळे येत नाहीत. पट्टा आहे तो समोरच्या भिंतीवरच्या ट्यूबलाइटचा. ती चित्रापासून ११ फूट लांब आणि ७ फूट उंच. सोफ्यावर बसलेल्याचे डोळे ९ फुटांवर, जमिनीपासून साडेतीन फूट. हे आकडे जुळवले की प्रतिबिंब येतं ५ फूट १ इंचावर, चित्राच्या अगदी मधोमध.

ट्यूब बंद ठेवा, एवढं सांगून पत्र संपवता आलं असतं. पण आता जुन्या वाड्यातल्या तसबिरी आठवून बघा. दारांच्या वर, ओळीने. खालची कड दोन खिळ्यांवर टेकलेली, वरची कड दोरीने भिंतीपासून सुटी, आणि सगळी तसबीर आपल्याकडे वाकलेली. उंचावरचं चित्र खालून नीट दिसावं म्हणून ती तशी लावत, हे आपण ऐकलेलं असतं आणि ते खरंच आहे. पण त्या कलण्यात दुसराही फायदा आहे. काच जेवढी कलते, त्याच्या दुप्पट प्रतिबिंब ढळतं. ताईंची तसबीर १० अंश पुढे झुकली, तर नजर काचेवरून २० अंश खाली वळेल आणि ट्यूबऐवजी जमिनीपासून ३ फुटांवर जाईल. तिथे सोफ्याची पाठ आहे. काचेत काळोखी काहीतरी दिसलं की डोळा ते सोडून देतो आणि चित्र पाहतो.

फ्लॅटमध्ये आपण तसबिरी भिंतीला सपाट चिकटवल्या आणि हा उपाय हातचा गेला, याची मला मनापासून हळहळ वाटते. दोन फुटी चौकटीला १० अंश म्हणजे वरची कड जेमतेम सव्वाचार इंच पुढे. मागची दोरी तेवढी सैल बांधली की झालं.

एक मात्र सांभाळायचं. चौकट झुकली की वरून येणारा झोत काचेला अधिकच घासून जातो आणि चित्रावरचा उजेड जवळजवळ एक तृतीयांशाने घटतो. तो काही अंशी भरून काढायला दिवा भिंतीपासून ३ फूट ४ इंचांवर घ्यावा. म्हणून छताला भोक पाडण्याआधी तसबीर सपाट राहणार की झुकणार, हे ठरवा. तेवढ्या अंतरावरून २४ अंशांचा झोत साधारण सव्वादोन फूट रुंद पडतो, ताईंच्या लक्ष्मीला पुरेसा. ३६ अंशांचा घेतला तर आजूबाजूची भिंतही उजळते आणि चित्राचं वेगळेपण जातं.

आता जे मला कळकळीने सांगायचं आहे ते. ही लक्ष्मी कागदावरची आहे. कागदावरच्या चित्रांसाठी संग्रहालयं ५० लक्सच्या आसपास उजेड ठेवतात. ५ वॅटचा अरुंद झोत इतक्या जवळून त्याच्या कितीतरी पट देतो. एलईडीतून अतिनील किरण जवळजवळ येत नाहीत म्हणून निर्धास्त राहू नका, दिसणारा उजेडही रंग उडवतो. शिवाय आजचं नुकसान उद्याच्यात मिळत जातं. या दिव्याला स्वतंत्र बटण हवं, जमल्यास डिमर, आणि बल्ब डिमरवर चालणारा. पाहुणे आले, सणवार असला की लावा.

तसबिरी असलेल्या प्रत्येकाने आज रात्री एवढं करून बघावं. हॉलमधले सगळे दिवे लावा. कुणाला तरी छोटा आरसा चित्राच्या काचेला टेकवून हळूहळू वरून खाली फिरवायला सांगा आणि आपण नेहमीच्या जागी बसा. आरशात जो दिवा दिसेल, तोच तुमचं चित्र झाकतो आहे. मग जमिनीवर बसून तेच करा. लहान मुलांना कोणता दिवा दिसतो तेही कळेल.