खिशातून वाचलेल्या पाणबुड्या

जुन्या वस्तूंचा नाद मला तरुणपणीच लागला. नाणी झाली, तिकिटं झाली; पण शरण आलेल्या जर्मन पाणबुड्यांतून दोस्त राष्ट्रांच्या खलाशांनी उचललेल्या वस्तूंनी घातलेली भुरळ काही उतरत नाही.

पार्श्वभूमी एका दमात सांगतो. मे १९४५मध्ये जर्मनीनं शस्त्रं टाकली. समुद्रातल्या ‘यू-बोटीं’ना हुकूम गेला : वर या, काळं किंवा निळं निशाण लावा, ठावठिकाणा कळवा. दीडशेच्या वर बोटी शरण आल्या; दोनशेहून जास्त जर्मनांनी स्वतःच बुडवल्या. १४ मे रोजी उत्तर आयर्लंडमधल्या लिसाहॅलीला आठ बोटी आल्या, तेव्हा ब्रिटिश ॲडमिरल मॅक्स हॉर्टन जातीनं हजर होते. पुढच्या हिवाळ्यात ‘ऑपरेशन डेडलाइट’मध्ये ब्रिटिशांनी ११६ बोटी आयर्लंडच्या वायव्येला खोल समुद्रात बुडवल्या. त्यांतल्या ५६ तर ओढून नेतानाच, ठरलेली जागा गाठण्याआधी तळाला गेल्या.

म्हणजे अख्खी बोट पाण्याखाली, आणि वर उरलं काय? कुणी खिशात घातलेलं घड्याळ, टोपीवरचा बिल्ला, गरुडाचा शिक्का असलेली बशी. कीलजवळच्या लाबो गावात वाळूवर उभी केलेली यू-९९५ मी आतून पाहिली आहे. सुमारे ६७ मीटरच्या नळकांड्यात चाळीसच्या वर माणसं राहायची. गोल दारातून वाकून जाताना कळलं, की या वस्तू एवढ्या लहान का असतात. मोठं काही ठेवायला तिथं जागाच नव्हती.

या उचलेगिरीनं इतिहासाचा तुकडा वाचला, असं मी अनेक वर्षं ठासून सांगत आलो. पण यू-८७३ची गोष्ट मध्ये आडवी येते. ही बोट अमेरिकेत पोर्ट्‌समथला शरण आली, तेव्हा खलाशांच्या घरगुती चीजवस्तूही लुटल्या गेल्या. पुढे नौदलाच्या चौकशीत ते उघड झालं. तिचा कप्तान फ्रीडरिश स्टाइनहॉफ यानं १९ मे रोजी बॉस्टनच्या तुरुंगात जीव दिला. बोटीवरची सरकारी वस्तू आणि माणसाच्या खिशातलं घड्याळ यांत फरक करायला मी ही गोष्ट कळल्यापासून शिकलो. दुसऱ्या प्रकारातलं काहीही मी घेत नाही.

माझा खरा जीव अडकलाय तो दुर्बिणींत! पाणबुडीच्या माथ्यावर चौघं टेहळणीला, प्रत्येकाच्या वाट्याला क्षितिजाचा पाव भाग, चार-चार तासांची पाळी. हातात ७×५०ची, रबरी कवच चढवलेली दुर्बीण. हा आकडा उगाच नाही. ५० मिलिमीटरच्या भिंगाला सातपट मोठं करायचं म्हटलं, की डोळ्याशी येणारा प्रकाशझोत सुमारे ७ मिलिमीटर रुंद भरतो. काळोखात तरुण माणसाची बाहुली साधारण तेवढीच उघडते. रात्री जहाजाची सावली हुडकणाऱ्याला याहून मोठी सोय नाही. दुर्बिणीवर कारखान्याचं नाव नसतं, असतात तीन अक्षरं. ‘बीएलसी’ म्हणजे येनाचे झाइस, ‘बीईएच’ म्हणजे वेट्‌झलारचे लाइट्झ. कारखाना कुठला ते शत्रूला कळू नये म्हणून ही सांकेतिक अक्षरं. आज संग्राहक आधी तीच शोधतात.

आणि नकली मालवालेही तीच कोरतात. मुंबईच्या चोरबाजारात एकानं मला पितळी दुर्बीण दाखवत ‘असली जर्मन पनडुब्बी का माल, साब’ असं छातीठोकपणे सांगितलं. पितळ नवं, काळपटपणा तेजाबाचा, स्वस्तिकाच्या टोकांची दिशाही उलटी! असा माल जगभर खपतो. खरं तर अस्सल अक्षरांनीही फार काही सिद्ध होत नाही. तसली दुर्बीण विनाशिकेवरही असायची. ती अमुक बोटीवरची, हे सांगतो सोबतचा कागद : उचलणाऱ्याचं घरी धाडलेलं पत्र, जहाजावरच्या नेमणुकीची नोंद, डेकवरचा फोटो.

कॅनडाच्या सेंट जॉन्स बंदरात ‘क्रोज नेस्ट’ नावाचा नौदल अधिकाऱ्यांचा जुना क्लब आहे. यू-१९० कॅनडाच्या नौदलाला शरण आली. तिचा पेरिस्कोप या क्लबाच्या छतातून वर काढलाय. पाहुणे पेला बाजूला ठेवून त्यातून बंदर न्याहाळतात. बोट कुठली, ती कुणाच्या हाती पडली, सगळं नोंदलेलं. १९४७मध्ये ती बोट बुडवली, तरी या पेरिस्कोपच्या जन्मकुंडलीबद्दल कुणी वाद घालत नाही.

म्हणून नव्या हौशी मंडळींना माझा एकच सल्ला : पैसे कमी असतील तर वस्तू सोडा, पत्र घ्या. वस्तूची नक्कल पितळात महिनाभरात होते. एखाद्या खलाशानं आईला लिहिलेल्या चार बेसावध ओळी बनवणं त्याहून कितीतरी कठीण.