माळ्यावरच्या वायरी आणि नळ्या

घटस्थापनेआधी आपण माळा उपसतो. जुन्या लुगड्यांची गोधडी होते, बाकीचे कपडे बोहारणीला, पितळ मोडीत. हे आपल्याला कुणी शिकवायला नको. अडतं ते वायरी आणि ट्यूबलाइटपाशी. तांब्यासाठी वायर जाळली की प्लॅस्टिकच्या धुरातून डायॉक्सिनसारखं विष निघतं. गेल्या साली आमच्याच एकीच्या अंगणात पोरं त्या धुरात उभी होती. वायर आहे तशीच भंगारात द्या. भाव कमी आला तर येऊ दे. जुन्या काचेच्या नळीत पारा असतो, एलईडीत नसतो. ती उकिरड्यावर टाकली तर पारा शेणखतातून शेतात जाईल. नळ्या खोक्यात जपून ठेवा, गटाने मिळून ग्रामपंचायतीला उचलायला सांगा. फुटलीच तर पोरांना बाहेर काढा, खिडक्या उघडा, झाडू न मारता काचा पुठ्ठ्याने गोळा करा.