सुरतेचा हुकूम आणि मुंबईचे बंड

धाडसी नोकर धंद्याला हवा असतो आणि तोच पुढे डोईजड होतो. सुरतेच्या इंग्रज वखारीने हा पेच सतराव्या शतकात पुरेपूर भोगला. वखारीत येणारा तरुण लांबचा समुद्रप्रवास आणि रोगराई यांचा धोका पत्करूनच येई. पगार मात्र तुटपुंजा. साहजिकच बहुतेक जण स्वतःचा खासगी व्यापार करत. ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधल्या संचालकांनी बंदी घालून पाहिली, पण ती टिकेना. शेवटी काही मालापुरती मोकळीक द्यावी लागली.

खरी परीक्षा मुंबईत झाली. 1668 मध्ये हे बेट कंपनीकडे आले आणि त्याचा कारभार सुरतेच्या अध्यक्षाच्या हाती गेला. 1674 मध्ये तिथल्या शिपायांनी पगाराच्या तक्रारींवरून बंड केले. तेव्हाचा अध्यक्ष जेराल्ड ऑंजियर याने रास्त मागण्या मान्य केल्या. म्होरक्यांपैकी एकाला मात्र देहदंड दिला. शिस्त आणि न्याय दोन्ही सांभाळणारा हा माणूस होता.

पुढे हे तारतम्य सुटले. 1679 मध्ये खांदेरीच्या पाण्यात मराठ्यांच्या आरमाराशी झुंजलेला कॅप्टन रिचर्ड केग्विन हा कंपनीचा सर्वांत धडाडीचा अधिकारी. त्याच्याच शिबंदीच्या पगाराला लंडनने काटकसरीच्या नावाखाली कात्री लावली आणि सुरतेचा अध्यक्ष जॉन चाइल्ड याने तो हुकूम राबवला. जिवावर उदार होणाऱ्या माणसाचे मोल हिशेबाच्या वहीत कमी करणे, ही या प्रकरणातली मूळ चूक. 27 डिसेंबर 1683 रोजी केग्विनने मुंबईचा उपगव्हर्नर वॉर्ड याला कैद केले आणि राजा दुसऱ्या चार्ल्सच्या नावाने कारभार हाती घेतला. त्याने लूटमार केली नाही. उलट संभाजी महाराजांशी तह करून बेटाचा व्यापार सुरळीत ठेवला. चाइल्डच्या वाटाघाटी फसल्या, कारण त्याच्या शब्दावर शिपायांचा विश्वास उरला नव्हता.

अखेर राजाच्या वतीने सर टॉमस ग्रँटम आला. त्याने माफीची हमी दिली, आणि नोव्हेंबर 1684 मध्ये केग्विनने किल्ला परत केला.

कंपनीने असा माणूस गमावला. राजाच्या आरमाराने त्याला पुन्हा जहाज दिले, आणि 1690 मध्ये वेस्ट इंडीजमधल्या सेंट किट्स बेटावर हल्ल्याचे नेतृत्व करताना तो मारला गेला.