निवड बोलणाऱ्याची की ऐकणाऱ्याची?

आमच्या दिघीत मे-जूनच्या सुमाराला एखादा मुलगा किंवा मुलगी घरी येते आणि विचारते, ‘‘चाचा, एमएसडब्ल्यूची मुलाखत आहे. काय विचारतील हो?’’ मी कविता लिहिणारा, बी.ए. झालेला साधा माणूस. समाजकार्य मी शिकलेलो नाही. तरीही ही पोरं माझ्याकडे येतात, कारण मुलाखत म्हणजे छान बोलायची परीक्षा, अशी त्यांची पक्की समजूत असते. ही समजूत चुकीची आहे, असं मला छातीठोकपणे सांगता येत नाही, हीच खरी अडचण आहे.

या मुलांचे आईवडील लातूर, सोलापूर, बुलढाण्याकडून आलेले. वडील भोसरीच्या किंवा चाकणच्या कारखान्यात, बहुतेक कंत्राटावर. रेशनकार्डावर नाव कसं चढवायचं, दवाखान्यात कुठल्या खिडकीपाशी उभं राहायचं, अडकलेल्या पीएफसाठी कुणाला गाठायचं, हे या पोरांनी दहावीच्या आतच शिकलेलं असतं. पण मुलाखतीत ‘‘समाजकार्यच का?’’ असं विचारलं, की ती पाठ केलेलं वाक्य म्हणतात, ‘‘मला समाजसेवेची आवड आहे.’’ समोरच्या प्राध्यापकांनी ते वाक्य सकाळपासून वीस वेळा ऐकलेलं असतं.

आता हे शिक्षण कसलं आहे ते पाहू. एमएसडब्ल्यू हा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम. वर्गातल्या तासांबरोबर क्षेत्रकार्य असतं, म्हणजे आठवड्यातले साधारण दोन दिवस वस्तीत, रुग्णालयात, शाळेत किंवा एखाद्या संस्थेत प्रत्यक्ष काम. समोर नवऱ्याचा मार खाल्लेली बाई बसलेली असते, शाळा सोडलेला मुलगा असतो. तिथं पहिलं काम सल्ला देण्याचं नसतं. समोरच्याला बोलू देण्याचं असतं. म्हणजे ज्या कामात ऐकणं महत्त्वाचं, त्याची निवड आपण बोलण्यावरून करतो.

आपल्याकडे या शिक्षणाची सुरुवात १९३६ मध्ये मुंबईत झाली, तीही नागपाड्याच्या मोहल्ल्यात. क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी तिथं चालवलेल्या नेबरहुड हाऊसमधून सर दोराबजी टाटा यांच्या नावाची शाळा उभी राहिली. तीच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाली. पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था १९६३ मध्ये सुरू झाली. टाटा संस्थेनं २०२३ मध्ये पदव्युत्तर प्रवेशाच्या पहिल्या टप्प्यासाठी देशपातळीवरची सीयूईटी ही संगणकावरची परीक्षा स्वीकारली. पर्याय निवडायचे प्रश्न, भाषा इंग्रजी आणि हिंदी. अशी परीक्षा सर्वांना सारखा प्रश्न विचारते, हा तिचा गुण. पण समोरचा माणूस रडू लागला तर हा विद्यार्थी काय करील, हे तिला कळत नाही. म्हणून मुलाखत रद्द करू नये, बदलावी, असं मला वाटतं.

बदलाचे दोन नमुने डोळ्यासमोर ठेवण्यासारखे आहेत. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठानं या शतकाच्या सुरुवातीला वैद्यकीय प्रवेशासाठी एका लांब मुलाखतीऐवजी सुमारे दहा छोट्या मुलाखती घेऊन पाहिल्या. दाराबाहेर एक प्रसंग लिहिलेला. तो दोन मिनिटं वाचायचा, आत जाऊन आठ मिनिटं बोलायचं. मग पुढची खोली, नवा परीक्षक. एकाच्या आवडीनिवडीवर सगळं ठरत नाही आणि एक उत्तर बिघडलं म्हणून प्रवेश जात नाही. दुसरा नमुना इंग्लंडचा. तिथं २००३ पासून समाजकार्याची नवी पदवी सुरू झाली, तेव्हा विद्यार्थी निवडताना सेवा घेणाऱ्या लोकांनाही सामील करून घ्यावं, असा नियम झाला.

आपल्याकडे दहा खोल्या नकोत, चार पुरेत. प्रसंग आपल्याच भागातला द्यावा. चाकणच्या कारखान्यात कंत्राटी कामगाराची दोन बोटं यंत्रात गेली. ठेकेदार म्हणतो, हा आमचा माणूसच नाही. कामगार म्हणतो, मी गावी जातो. त्याच्याशी तुम्ही काय बोलाल? उमेदवारानं आधी विचारपूस केली का, ईएसआयचं कार्ड आहे का हे त्याला सुचलं का, माहीत नसलेलं ‘माहीत नाही’ म्हणाला का, कामगाराचा निर्णय स्वतःच घेऊन टाकला का, यावर आधी ठरवलेले गुण द्यावेत. उत्तर मराठी, हिंदी, इंग्रजी, हव्या त्या भाषेत द्यावं. परीक्षकांत एक प्राध्यापक, एक रुग्णालयातला समाजसेवा अधीक्षक आणि एखादी बचत गटातली बाई असावी.

एक धोका मात्र आहे. ‘‘तुमच्या घरची परिस्थिती सांगा’’ असं विचारून गरिबीचं प्रदर्शन मांडायला लावू नये. दुःख नीट मांडता येणं हीसुद्धा एक कला आहे. कवी असल्यामुळे मला ते ठाऊक आहे. ती कला साधली म्हणून कुणी चांगला कार्यकर्ता होत नाही, आणि सुखवस्तू घरात वाढला म्हणून कुणी नालायक ठरत नाही.

यात वेळ जाईल, माणसं लागतील, हे खरं. पण निवड चुकली तर महाविद्यालयाची फक्त एक जागा वाया जाते. त्याची खरी किंमत त्या दोन बोटं गमावलेल्या माणसाला मोजावी लागते, आणि प्रवेशाच्या वेळी त्याला कुणी काही विचारलेलं नसतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)